रेडिओपीडिया: अभ्यासाला फर्स्ट क्लास, ब्रँच ठरवायला जरा जपून

नीट-पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीतल्या ज्या कुणाला "रेडिओ (रेडिओलॉजी, एक्स-रे-सीटी वाचायची ब्रँच) घ्यावी का?" हा किडा चावतो, त्याच्या मोबाइलमध्ये आज ना उद्या रेडिओपीडिया उघडतंच. माझ्याही उघडलं, आणि मग बंद होईना. मी नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. या वेबसाइटचं अभ्यासाचं साधन म्हणून कौतुक करणारे पुष्कळ भेटतील आणि ते कौतुक रास्तच आहे. मी तिला जरा वेगळ्या कामाला जुंपलं: ही ब्रँच आपल्याला जमेल का, आवडेल का, हे तिच्यावरून ठरवता येतं का ते पाहिलं. हा रिव्ह्यू त्या कामापुरता आहे.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेलबर्नचे न्यूरोरेडिओलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी डिसेंबर 2005 मध्ये ही साइट सुरू केली. ढाचा विकिपीडियाचा: नोंदणी केलेला कुणीही लेखात भर घालू शकतो, वर संपादकांची नजर असते. एकीकडे रोगांवरचे लेख. रोग कुणाला होतो, लक्षणं काय, पॅथॉलॉजी काय, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयवर कसा दिसतो, आणि त्याच्यासारखं दिसणारं आणखी काय काय असू शकतं. दुसरीकडे केसेस, म्हणजे खऱ्या पेशंटची नावगाव काढून टाकलेली चित्रं, जगभरातल्या डॉक्टरांनी टाकलेली. वापरायला पैसे लागत नाहीत. जाहिराती दिसतात, त्या नको असतील तर ऐच्छिक वर्गणी भरायची. मी भरलेली नाही आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

आधी आवडलेलं सांगते. सीटीची केस उघडली की चित्रांची अख्खी चळत समोर येते आणि बोटानं सरकवत तुम्ही टाळूपासून कवटीच्या तळापर्यंत उतरता. एमबीबीएसच्या पुस्तकात एकच काप छापलेला असतो, त्यावर बाण, खाली नाव. कोचिंगच्या अ‍ॅपवर तर त्याहून वाईट: चित्र पाहा, घोषवाक्यासारखं नाव पाठ करा, पुढे चला. 'कॉफी बीन' म्हणजे सिग्मॉइड व्होल्व्ह्युलस, 'डबल बबल' म्हणजे ड्युओडेनल अट्रेझिया, 'बॅट विंग' म्हणजे पल्मोनरी इडीमा. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतातही. पण बाण नसलेल्या चाळीस-पन्नास कापांतून आपलं आपण खाली उतरायचं, कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं, हा अनुभव मला पहिल्यांदा या साइटवर आला. तो आवडला नसता तर प्रश्न तिथेच मिटला असता.

दुसरी गोष्ट छोटी आहे, पण माझ्या मते या साइटचा सगळ्यात प्रामाणिक कोपरा तोच. प्रत्येक केसवर निदान किती खात्रीचं आहे याचा शिक्का असतो: सर्टन, ऑलमोस्ट सर्टन, प्रॉबेबल, पॉसिबल. म्हणजे बायॉप्सीनं पक्कं झालंय, की नुसतं चित्रावरून म्हणतोय, ते आधीच सांगून टाकलेलं. साडेचार वर्षं चार पर्यायांतल्या एकावर टिकमार्क करून झालेल्या मेंदूला हे पचायला वेळ लागतो. "प्रॉबेबल" लिहून कुणी जबाबदार डॉक्टर मोकळा होऊ शकतो? होऊ शकतो. किंबहुना रेडिओलॉजीचं बरंचसं काम तसंच चालतं, हे मला डिपार्टमेंटमध्ये बसल्यावर दिसलं. ज्याला धूसरपणा सहन होत नाही, प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही हवंच असतं, त्यानं या शिक्क्यांकडे नीट लक्ष द्यावं. ब्रँच निवडण्याच्या दृष्टीनं लेखांपेक्षा हे जास्त बोलतं.

तिसरं म्हणजे आपल्याकडचे आजार. साइट ऑस्ट्रेलियात जन्मली असली तरी भारतीय डॉक्टरांनी भरपूर केसेस टाकल्या आहेत. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, हायडॅटिड, टीबीचे सतरा अवतार, सगळं सापडतं. विदर्भात राहून सिकलसेल न पाहिलेला इंटर्न विरळा. त्यातला इंग्रजी एच अक्षरासारखा दबलेला मणका मी आधी साइटवर पाहिला आणि नंतर गडचिरोलीहून आलेल्या एका पोराच्या एक्स-रेवर ओळखला. फ्लोरोसिसचंही तेच. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे हे पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्याच्या विषयात) वाचलेलं. पण हाडं खडूसारखी पांढरीफटक होतात आणि हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना जमतो, हे डोळ्यांनी पाहिलं की पीएसएमचा तो परिच्छेद पुन्हा वाचावासा वाटतो.

आता जिथे जपायचं ती जागा.

साइटवर तुम्ही केस उघडता तेव्हा त्यात काहीतरी आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. नाहीतर कुणी ती अपलोड का करेल? शिकवण्यासाठीचा कुठलाही संग्रह असाच असणार, यात साइटला दोष देण्यासारखं काही नाही. पण ब्रँच निवडणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो. क्विझ मोड लावला, शीर्षक लपवलं, तरी खजिना पुरलेला आहे याची हमी असते. फक्त कुठे ते शोधायचं. शोधलं, सापडलं, खाली उत्तर पाहिलं, बरोबर आलं. मेंदूत फुलबाजी उडते. रात्री एक वाजेपर्यंत हे चालतं आणि आपण ठरवून टाकतो की आपला जन्म रेडिओलॉजीसाठीच झालाय.

मग इंटर्नशिपचं इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीनं निवडायची पोस्टिंग, मी रेडिओलॉजीत घेतलं. सकाळी रिपोर्टिंग रूममध्ये रेसिडेंटच्या मागे स्टूल टाकून बसायचं. सीटी ब्रेन, डोकेदुखी: नॉर्मल. सीटी ब्रेन, चक्कर: नॉर्मल. सीटी ब्रेन, गाडीवरून पडला: नॉर्मल, कपाळावर सूज. सीटी ब्रेन, वय 78: वयाप्रमाणे मेंदू आक्रसलेला, बाकी नॉर्मल. छातीच्या एक्स-रेंचा गठ्ठा तर ऑपरेशनच्या फिटनेससाठी आलेला, त्यात बहुतेक सगळे ठणठणीत. पहिल्या सकाळी मला वाटलं आज दिवस कोरडा गेला. दुसऱ्या सकाळी कळलं की दिवस असेच असतात.

आणि गंमत म्हणजे नॉर्मलला वेळ जास्त लागत होता. सीटीत मोठा ब्लीड असला की रेसिडेंट पटकन फोन उचलायचे, सर्जरीला कळवायचे, रिपोर्ट लिहून मोकळे. काहीच दिसत नसलं की मात्र पुन्हा वरून सुरुवात. सरांना विचारलं तर म्हणाले, "असलं तर दोन मिनिटांचं काम. नाही म्हणायचं तर सगळीकडे जाऊन यावं लागतं." छातीच्या एक्स-रेत सगळीकडे म्हणजे फुप्फुसाचं शेंड्याकडचं टोक, हृदयामागची जागा, हायलम, डायफ्रामच्या खालचा भाग, आणि मग बरगड्या एकेक करून. दिवसाच्या शेवटच्या एक्स-रेलाही तोच फेरा, त्याच क्रमानं. रेसिडेंट मॅडम तर ओठ हलवत क्रम म्हणायच्या, जपमाळ ओढल्यासारख्या.

इथे एक प्रयोग आठवतो, तो प्रसिद्धच आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटीत गाठी शोधायला बसवलं आणि एका सीटीत गोरिलाचं चित्र घुसवलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना तो दिसला नाही. 2013 मध्ये हे छापून आलं. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या होत्या, त्यावरून कळलं की न दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. गाठ शोधणाऱ्या डोळ्याला गाठच दिसते. साइटवर रात्रीच्या रात्री काढून माझे डोळे असेच तयार झाले होते: सनसनाटी शोधणारे.

तर "मला रेडिओलॉजी आवडते का?" या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. सापडल्यावर आनंद होतो का, हा पहिला. त्याचं उत्तर रेडिओपीडिया झकास देतं, आणि ते बहुतेक सगळ्यांचं हो असतं, कारण सापडल्यावर कुणाला आनंद होत नाही? काही सापडणार नसताना तेवढंच मन लावून बघवतं का, हा दुसरा. ब्रँच त्यावर ठरायला हवी. साइटवर नॉर्मल केसेस आहेत बरं का. शरीराच्या एकेका भागाच्या नॉर्मल तपासण्यांची यादी असलेला एक लेखच आहे. पण आमच्या हॉस्टेलवर जेवढ्या जणांना विचारलं त्यांच्यातलं कुणी तो उघडलेला नव्हता. मीही इलेक्टिव्ह होईपर्यंत नाही.

अजून एक फरक विंडोचा. सीटीतली प्रत्येक राखाडी छटा म्हणजे एक आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, हाड कित्येक शेकडा. एवढ्या छटा डोळ्याला एका वेळी कळत नाहीत, म्हणून हवा तेवढा पट्टा निवडून बघायचं, ती विंडो. साइटवर केस टाकणाऱ्यानं बहुधा हाडाची वेगळी, फुप्फुसाची वेगळी, अशी चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात. म्हणजे कुठल्या चष्म्यातून बघायचं हेही कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं. डिपार्टमेंटच्या मॉनिटरवर ते आपल्याला ठरवावं लागतं. कवटीला चिकटलेला पातळ सबड्यूरल रक्तस्राव ब्रेनच्या विंडोत हाडाच्या पांढऱ्यात विरघळून जातो. विंडो रुंद केली की सुटा होतो. ती रुंद करावी असं सुचणं, हेच कसब. आणि हो, हे सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर करून "मला दिसलं नाही" म्हणून खट्टू होऊ नका. मोठ्या मॉनिटरवर बघा, निदान लॅपटॉपवर तरी.

प्रत्येक केसच्या वर पेशंटची माहिती दोन ओळींत असते, नीटनेटकी: वय, लिंग, तक्रार. आमच्याकडच्या रिक्विझिशन फॉर्मवर बऱ्याचदा "पेन इन अ‍ॅब्डोमेन, काइंडली डू द नीडफुल" एवढंच. दुखतंय कुठे, किती दिवस, आधी ऑपरेशन झालंय का, काही नाही. मग रेसिडेंट उठतात, बाहेर जाऊन नातेवाइकाला विचारतात, पिशवीतून जुने कागद काढायला लावतात. त्या पिशवीत औषधांची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी एकत्र गुंडाळलेली असते. निदान कितीतरी वेळा त्या पिशवीतच असतं.

यावरून "रेडिओत पेशंट नसतो" या समजाकडे येते. माझ्या आईचाही हाच समज. फोनवर म्हणाली, "अंधारातच बसायचं होतं तर एवढी डॉक्टर झाली काहून?" तिला मी सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची रांग सांगितली. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात गडचिरोली, भंडाऱ्यापासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट येतात. सकाळपासून पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेल्या बायका. आतून कुणी डोकावलं की, "मॅडम, आता नाही थांबत हो!" एका रेसिडेंटचा हात सकाळी प्रोबवर (पोटावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या दांड्यावर) पडतो तो जेवायच्या वेळेपर्यंत निघत नाही, खांदे दुखतात, मनगट दुखतं. "दम धरा... धरून ठेवा... सोडा" हे मराठीत, हिंदीत, आणि जिथे दोन्ही चालत नाही तिथे स्वतः छाती फुगवून दाखवत. साइटवरची सोनोग्राफी म्हणजे कुणीतरी चांगला क्षण पकडून गोठवलेलं चित्र. गॅसनं भरलेल्या पोटातून, कुशीवर वळवून, दाबून, ते चित्र आणायचं कसं, हे प्रोब हातात आल्याशिवाय कळत नाही. ज्यांना वाटतं की रेडिओलॉजी ही निव्वळ नजरेची ब्रँच आहे, त्यांनी एक सकाळ त्या खोलीत काढावी.

सीटीच्या खोलीतही बोलणं आहेच. कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून द्यायचं औषध) द्यायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहायचं, अ‍ॅलर्जी विचारायची, आणि पेशंटला सांगायचं, "अंगात एकदम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखी वाटेल, झालेली नसते, हलू नका." तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आमच्याकडे खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) कृपेनं रोजचे. त्यांना गाल फुगवून ठेवायला लावून सीटी करतात, म्हणजे गाल हिरडीपासून सुटतो आणि गाठ नेमकी कुठून उगवली ते दिसतं. तोंडच उघडत नाही अशा माणसाला गाल फुगवायला शिकवणं हे कुठल्या लेखात वाचून येत नाही. टेक्निशियन काका ते अर्ध्या मिनिटात शिकवतात, स्वतःचे गाल फुगवून.

गरोदर बाईची सोनोग्राफी असली की गर्भलिंग निदानबंदी कायद्याखालचा फॉर्म एफ भरायचा. दारावर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी, ती तर आपण लहानपणापासून पाहतो. या बाबतीत कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 चा. त्यातली एक गोष्ट एमबीबीएसला कुणी ठासून सांगत नाही: कागदपत्रातली उणीव किंवा चूक हीच कायद्याचं उल्लंघन मानली जाते, तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी डॉक्टरवर. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ही तरतूद कायम ठेवली. पुढे स्वतःचं सेंटर टाकायचं स्वप्न असेल तर दिवसाचा किती भाग रकान्यांत जाणार आहे हे आत्ताच पाहून घ्या. कायदा का आला ते मला ठाऊक आहे आणि तो असायला हवा असंच माझं मत आहे. पण एकही रकाना रिकामा राहू न देण्याचा स्वभाव नसेल तर ही ब्रँच रोज छळेल.

आणि एक प्रसंग असा, ज्याची तयारी कुठलीच साइट करून देत नाही. आठवा महिना, "कालपासून बाळ हलत नाही" म्हणून आलेली बाई. प्रोब ठेवल्यावर रेसिडेंट मॅडम काही बोलेनात, बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. घरच्यांना समजावून सांगणं नंतर गायनॅकचे डॉक्टर करतात, पण खोलीत सगळ्यात आधी कळतं ते प्रोब धरलेल्या माणसाला, आणि त्याचा चेहरा पेशंट वाचत असतो. "पेशंटची कटकट नको म्हणून रेडिओ" म्हणणाऱ्या बॅचमेटला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मग टेलिरेडिओलॉजी करीन." म्हणजे दूर बसून संगणकावरून रिपोर्ट. करू दे बापडा. पण रेसिडेन्सीची तीन वर्षं आधी काढायची आहेत.

"नाइट नसते" ही दुसरी अफवा. सरकारी दवाखान्यात रात्री अपघाताचे पेशंट आले की सीटीचं मशीन थांबत नाही आणि पहिल्या वर्षाचा रेसिडेंटही. वॉर्डात राउंडला उभं राहावं लागत नाही, हे खरं. पण सर्जरीचा फोन, मेडिसिनचा फोन, कॅज्युअल्टीचा फोन, आणि तिघांनाही रिपोर्ट आत्ताच हवा. रिपोर्टचं वाक्य अर्धं लिहून झालेलं असतं आणि फोन वाजतो. मग मघाचा तो सगळीकडचा फेरा पुन्हा पहिल्यापासून.

एआयबद्दल बोलल्याशिवाय आजकाल कुणी रेडिओवर बोलूच देत नाही. 2016 मध्ये एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा. त्यानंतरही नीट-पीजीचे वरचे रँकवाले रेडिओच उचलतायत, हे आपण दर वर्षी पाहतो. पण हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टीबीच्या तपासणीत छातीचे एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं वाचायला मान्यता दिली, 15 वर्षं आणि वरच्या वयासाठी. असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी क्युअर डॉट एआय ही आपल्या मुंबईची. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) पोस्टिंगमध्ये टीबीच्या शिबिरात हातात धरायचं एक्स-रे मशीन आणि लगेच आलेला संगणकाचा निकाल मी स्वतः पाहिला. माझ्या मुद्द्याला खरा धक्का तर 2022 चा आहे: लिथुआनियाच्या ऑक्सिपिट कंपनीच्या सॉफ्टवेअरला युरोपात अशी मान्यता मिळाली की छातीचा एक्स-रे पुरता नॉर्मल असेल तर माणसानं न बघताही रिपोर्ट निघावा. म्हणजे मी ज्या नॉर्मलचं एवढं कौतुक करतेय, तेच यंत्राच्या ताटात आधी जाणार.

यावर मी बराच विचार केला. छातीच्या साध्या एक्स-रेपुरतं ते होईलही. पण पोटाचा सीटी, आधी दोनदा ऑपरेशन झालेला पेशंट, फॉर्मवर "डू द नीडफुल", तिथे नाही म्हणायला माणूस लागेल, निदान माझ्या कामाच्या वर्षांत तरी. आणि सोपे नॉर्मल यंत्रानं नेले तर उरतील ते अवघड नॉर्मल. तिथे तर जास्तच चिकाटी लागेल. माझा अंदाज चुकूही शकतो, पण निवड अंदाजावरच करायची असते. पाच वर्षांनी काय होईल हे मेडिसिन घेणाऱ्यालाही कुणी लिहून देत नाही.

पैशांचं थोडक्यात. सरकारी सीट मिळाली तर उत्तम. खासगी अभिमत कॉलेजांत तीन वर्षांची फी कोटीच्या पुढे जाऊ शकते, माझे वडील शाळामास्तर, तेव्हा तो विषय आमच्याकडे निघतच नाही. पुढे स्वतःचं सेंटर टाकायचं तर सीटी मशीनचं कर्ज, आणि पेशंट पाठवणाऱ्यांच्या अपेक्षा. कट प्रॅक्टिसविरुद्ध (पेशंट पाठवल्याबद्दलच्या कमिशनविरुद्ध) कायद्याचा मसुदा राज्य सरकारनं 2017 मध्ये करवून घेतला होता, म्हणजे हा नुसता हॉस्टेलच्या गप्पांचा विषय नाही. रेडिओलॉजिस्टकडे पेशंट सहसा दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीनंच येतो, त्यामुळे हा प्रश्न इतरांपेक्षा त्यांच्या दाराशी जास्त घुटमळतो. "रेडिओत पैसाच पैसा" म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

परत साइटकडे. ब्रँच ठरवायला ती वापरायचीच असेल तर माझी आणि रूममेटची युक्ती सांगते. साइटवर केसेसची प्लेलिस्ट बनवता येते आणि तिची लिंक पाठवता येते. रूममेटनं माझ्यासाठी यादी बनवली: बहुतेक नॉर्मल, मध्येच कुठेतरी खरा रोग, आणि किती, कुठे, ते मला सांगायचं नाही. शीर्षक आणि निष्कर्ष लपवलेले. अट एवढीच की प्रत्येक केसला मी कागदावर दोन-तीन वाक्यांचा रिपोर्ट लिहायचा, नॉर्मल असला तरी. मग मीही तिच्यासाठी तशीच यादी केली. तिला सर्जरी घ्यायची आहे, ती मौज म्हणून बसली होती. सातव्या-आठव्या नॉर्मल छातीनंतर तिनं पेन आपटलं, "यार, यात काहीच नाहीये!" आणि चहाला निघून गेली. माझी यादी मी संपवली. एका एक्स-रेत हृदयामागे गाठ होती, ती सापडली. दोन नॉर्मल्समध्ये मी नसलेलं काहीतरी लिहून बसले. त्यातलं एक बहुतेक स्तनाग्राची सावली होती, जिला गाठ समजण्याचा मान माझ्या आधी पुष्कळांना मिळालेला आहे.

हे इलेक्टिव्हला पर्याय नाही. कॉलेजात सोय असेल तर रेडिओलॉजीचं इलेक्टिव्ह घ्याच, आणि रिपोर्टिंग रूमइतकाच वेळ सोनोग्राफीच्या खोलीत काढा. डीएसए लॅब (रक्तवाहिन्यांची चित्रं बघत उपचार करायची खोली) असेल तर तिथेही डोकावा. कॅथेटर घालून ट्यूमरचा रक्तपुरवठा बंद करणारे, किडनीत नळी टाकून अडलेली लघवी मोकळी करणारे हेही रेडिओलॉजिस्टच, आणि हाताला काम हवं असणाऱ्यांना ही वाट ठाऊकच नसते. तिथे लेड एप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं, खिशाला टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) लावून. पाठीचं दुखणं असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

साइटला माझे गुण: अभ्यासासाठी पाचपैकी पावणेपाच. ब्रँच ठरवण्यासाठी नुसती वापरलीत तर अडीच, वर सांगितल्यासारखी नॉर्मल मिसळून वापरलीत तर चार. वर्गणी आत्ता भरू नका, फुकटात जे मिळतं ते दोन वर्षंही पुरेल.

माझी स्वतःची यादी, विचारणारे विचारतातच म्हणून: रेडिओ पहिली, पल्मोनरी मेडिसिन दुसरी, कारण छातीचे एक्स-रे तिथेही रोज बघायला मिळतील, तिसरी जनरल मेडिसिन. रँक आल्यावर यातलं काय उरतं ते पाहू. आईला अजून फक्त तिसरीच आवडलेली आहे.